‘गेरसप्पा’ जहाजाच्या चांदीचे नाणे: घडण चोख, आठवण अपुरी

ब्रिटनच्या रॉयल मिंटचे पाव औंस चांदीचे ‘ब्रिटानिया’ नाणे एरवी परीक्षण लिहावे इतके दुर्मीळ नाही. परंतु २०१४ साली या टांकसाळीने त्याची एक मर्यादित आवृत्ती विक्रीला काढली, जिच्यासाठी वापरलेली चांदी अटलांटिक महासागराच्या तळातून, सुमारे ४,७०० मीटर खोलीवरून, वर काढलेली होती. ती चांदी ‘एसएस गेरसप्पा’ नावाच्या मालवाहू जहाजावर होती. कोलकात्याहून निघालेले हे जहाज दुसऱ्या महायुद्धात आयर्लंडच्या नैर्ऋत्येला बुडाले आणि त्यावरील ऐंशीहून अधिक माणसांपैकी अखेर एकच जण जिवंत राहिला. मेलेल्यांत बहुसंख्य भारतीय खलाशी होते, आणि मराठी संग्राहकाला हे नाणे घ्यावेसे वाटले तर ते बहुधा याच कारणाने वाटेल. म्हणून परीक्षण करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. नाणे म्हणून ही वस्तू कशी आहे, हा एक. आणि ज्या घटनेच्या नावावर ती विकली जाते त्या घटनेचे तिच्यात किती आले आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर माझी विशेष तक्रार नाही. दुसऱ्यावर आहे, आणि या लेखाचा बराचसा भाग तिच्यातच जाणार आहे.

आधी नाणे. व्यास २२ मिलिमीटर, म्हणजे २०११ च्या मालिकेतल्या आपल्या एक रुपयाच्या नाण्याएवढाच. मात्र वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असल्यामुळे ते हातावर ठेवताच दुप्पट जड लागते. चांदी ९९९ कसाची आहे. त्याचे दर्शनी मूल्य ५० पेन्स असले तरी ते देऊन कोणी काही विकत घेणार नाही, कारण आतल्या धातूचीच किंमत त्याहून कितीतरी अधिक आहे. एका बाजूला राणी एलिझाबेथ दुसरी यांचा इयन रँक-ब्रॉडली यांनी घडवलेला मुखवटा आहे, तर दुसऱ्या बाजूला फिलिप नेथन यांची उभी ब्रिटानिया (ब्रिटनचे स्त्रीरूपातले प्रतीक), हातात त्रिशूळ आणि ढाल घेतलेली. हा छाप १९८७ पासूनचा आणि सर्वांच्या ओळखीचा आहे. ठसा स्वच्छ उमटलेला आहे. वस्त्राच्या चुण्या आणि ढालीवरच्या रेषा नुसत्या डोळ्यांनीही सुट्या दिसतात, आणि इतक्या लहान चकतीवर एवढे बारकावे टिकवणे सोपे नसते.

या आवृत्तीला वेगळेपण देणारी गोष्ट मात्र दोन्ही बाजूंपैकी कुठेच नाही. ती कडेवर आहे. नाण्याच्या कडेवर रोमन लिपीत ‘एसएस गेरसप्पा’ एवढीच अक्षरे खोदलेली आहेत. ती उथळ आहेत. खिडकीशी नाणे तिरपे धरून हळूहळू फिरवले की एकेक अक्षर उजेडात येते आणि पुढे सरकते. भिंग हाताशी असेल तर बरे. मी हे नाणे एका दुय्यम विक्रेत्याकडून घेतले. त्याने ते ज्या पारदर्शक डबीत घट्ट बसवून पाठवले होते, तिच्या रबरी कड्यामुळे नेमकी हीच अक्षरे झाकली गेली होती. डबी न उघडता पाहणाऱ्याला ते कोणत्याही वर्षीचे साधे ब्रिटानिया वाटले असते. विक्रेत्याच्या जाहिरातीतही कडेचे छायाचित्र नव्हते. ज्या अक्षरांसाठी गिऱ्हाईक जादा पैसे मोजते तीच न दाखवता माल विकण्याची ही रीत या बाजारात सर्रास दिसते आणि तिला आळसाखेरीज दुसरे कारण नसावे.

नाण्यावर बुडाल्याची तारीख नाही, ठिकाण नाही, माणसांचा उल्लेख नाही. जहाजाचे चित्रही नाही. हातात त्रिशूळ घेतलेली समुद्रांची स्वामिनी नेहमीसारखी निश्चिंत उभी आहे. म्हणून कडेवरच्या त्या शब्दांमागे काय आहे ते इथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय या वस्तूचे मोल ठरवता येत नाही.

‘गेरसप्पा’ हे जहाज १९१९ साली ईशान्य इंग्लंडमधल्या जॅरो येथील पामर्स कंपनीच्या गोदीत बांधून झाले. पहिल्या महायुद्धात बुडणाऱ्या जहाजांची भरपाई करण्यासाठी एकाच नमुन्यावर जी मालवाहू जहाजे घाईने बांधायला घेतली गेली, त्यांपैकी हे एक. त्याचे आधी ठरलेले नाव ‘वॉर रोबक’ होते. युद्ध संपल्यावर ते ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे आले आणि आपल्या जहाजांना भारतीय ठिकाणांची नावे देण्याच्या कंपनीच्या प्रथेप्रमाणे त्याला शरावतीवरच्या गिरसप्पा धबधब्याचे नाव मिळाले. पुढची वीस वर्षे ते पूर्वेकडच्या समुद्रांत माल वाहत राहिले. त्या काळात सांगण्यासारखे फारसे काही घडले नाही, आणि मालवाहू जहाजाच्या बाबतीत हे चांगलेच म्हणायचे.

डिसेंबर १९४० मध्ये कोलकात्याहून ब्रिटनकडे निघताना त्यात सुमारे सात हजार टन माल होता. बहुतेक सारा बिडाचे लोखंड, चहा आणि किरकोळ जिन्नस, शिवाय टपालाच्या पिशव्या आणि चांदीच्या लगडी. जहाज आफ्रिकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीटाउन बंदरात आले आणि ३० जानेवारी १९४१ रोजी ‘एसएल ६४’ या ताफ्याबरोबर उत्तरेकडे निघाले. पाणबुड्यांच्या भीतीने व्यापारी जहाजे तेव्हा अशा ताफ्यांनीच जात. ताफ्याचा वेग मुळातच कमी होता; त्यात हवामान बिघडले आणि तोही आणखी घटला. जड माल भरलेले, वीस वर्षांचे जुने, कोळशावर चालणारे जहाज वादळी लाटांशी झुंजत राहिले तर कोळसा किती जळतो याचा हिशोब कप्तानाने मांडला असणार. ब्रिटनपर्यंत पुरेल एवढा कोळसा आता उरणार नाही असे दिसताच १४ फेब्रुवारीला ‘गेरसप्पा’ ताफ्यातून बाहेर पडले आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे बंदराकडे एकटेच वळले. त्या दिवसांत एकटे पडलेल्या संथ जहाजाची अवस्था काय होत असे, हे त्या समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही ताफ्याबरोबर राहून मध्येच कोळसा संपणे त्याहून वाईट, कारण थांबलेल्या जहाजासाठी ताफा थांबत नसे.

१६ फेब्रुवारीच्या सकाळी एका जर्मन फोके-वुल्फ कॉन्डोर विमानाने जहाजावर घिरट्या घातल्या. त्याच रात्री एर्न्स्ट मेंगर्सेन याच्या हुकमतीखालील ‘यू-१०१’ पाणबुडीचा पाणतीर उजव्या बाजूला लागला. बिनतारी यंत्राच्या तारा खाली आल्या आणि मदतीची हाक देण्याचा मार्गच संपला. जहाज सुमारे वीस मिनिटांत बुडाले. फेब्रुवारीचा उत्तर अटलांटिक, अंधार, उसळलेला समुद्र. होड्या खाली सोडल्या गेल्या, पण त्यांपैकी दुसरा अधिकारी आर. एच. एअर्स याच्या ताब्यातील एकाच होडीचा पुढचा इतिहास माहीत आहे. त्या होडीत ३१ माणसे होती, ८ युरोपीय आणि २३ भारतीय खलाशी.

सुकाणू निकामी झाल्यामुळे वल्ह्याने दिशा धरावी लागली. एअर्सने शीड उभारून पूर्वेकडे, ब्रिटनच्या किनाऱ्याकडे, होडी हाकली. बिस्किटे होती, पण कोरडी पडलेली तोंडे ती गिळू शकत नव्हती. पाणी मोजून दिले जात होते आणि आठवडाभरात तेही संपले. पाणतीर लागल्यावर ज्या कपड्यांत माणसे वर धावली त्याच कपड्यांत ती त्या उघड्या होडीत बसली होती. इंजिनखोलीत भट्टीपाशी काम करणाऱ्याच्या अंगावर अशा वेळी काय असेल याची कल्पना करता येते. थंडीने हातपाय बधिर होऊन सुजले, काहींनी न राहवून समुद्राचे पाणी प्यायले, आणि रोज एक-दोन प्रेते पाण्यात सोडावी लागली. भारतीय खलाशी आधी आणि अधिक संख्येने गेले. अशा प्रसंगांच्या वर्णनांत त्यांच्या ‘काटकपणा’बद्दल किंवा त्याच्या अभावाबद्दल जी विधाने सहज केली जातात, त्यांपेक्षा अंगावरचे कपडे आणि त्यामागचा पगार या दोन गोष्टींकडे पाहिले तर अधिक उलगडा होईल.

१ मार्च रोजी, तेराव्या दिवशी, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमधले लिझर्डचे दीपगृह दिसले. होडीत तेव्हा मोजकीच माणसे जिवंत होती. किनारा खडकाळ, लाटा उंच, आणि होडी वळवण्याइतके बळ कोणाच्याच हातात उरले नव्हते. कार्थिलियनच्या लहानशा खाडीत शिरताना लाटेने होडी उलटली. तीनशे सागरी मैल उघड्या होडीतून आलेली माणसे किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर बुडाली. बॉम्बहल्ल्यांमुळे शहरातून त्या गावात पाठवलेल्या काही शाळकरी मुलींनी हे पाहिले आणि मदत बोलावून आणली. एअर्स तेवढा वाचला. त्याला पुढे एमबीई हा किताब आणि लंडनच्या लॉइड्स या विमासंस्थेचे युद्धकालीन शौर्यपदक मिळाले. बरा झाल्यावर तो पुन्हा समुद्रावर गेला. किनाऱ्याला लागलेल्यांचे दफन जवळच्याच लँडवेडनॅकच्या चर्चच्या आवारात झाले, आणि त्यांत नाव न कळलेले भारतीय खलाशीही आहेत.

आता पुन्हा नाण्याकडे. २२ मिलिमीटरच्या चकतीवर हे सगळे मावावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण नाण्यांच्या जगात घटना थोडक्यात सांगण्याची परंपरा जुनी आहे. दोन साले, एक जहाज, एक संख्या, एवढ्याने पुष्कळ काम होते. रॉयल मिंटने या आवृत्तीसाठी नवा छाप तयार केला नाही, नेहमीचाच छाप घेऊन कडेवर नाव घातले, आणि त्यामुळे जे घडले ते असे की नाण्याचा सारा भर चांदी कुठून आली यावर पडला. ती कोणाबरोबर बुडाली हे सांगायला जागा उरली नाही. नाणे पाहणाऱ्या अनभिज्ञ माणसाला ‘गेरसप्पा’ ही एखादी खाण वाटली तर त्याला दोष देता येणार नाही.

चांदी वर कशी आली ही हकिगतही थोडक्यात सांगायला हवी, कारण विक्रेते तीच सर्वांत जास्त रंगवतात. युद्धकाळात मालाचा विमा सरकारी युद्धजोखीम योजनेखाली होता. भरपाई दिल्यावर बुडालेल्या चांदीची मालकी ब्रिटिश सरकारकडे आली. २०१० साली सरकारच्या वाहतूक खात्याने ओडिसी मरीन एक्सप्लोरेशन या अमेरिकी कंपनीला शोधाचे कंत्राट दिले. खर्च आणि जोखीम कंपनीची, आणि खर्च वजा जाता मिळणाऱ्या मालापैकी ८० टक्के कंपनीचे, अशी अट होती. २०११ साली जहाज सापडले. ‘टायटॅनिक’ जिथे आहे त्याहूनही ते जवळजवळ एक किलोमीटर अधिक खोल आहे. २०१२ आणि २०१३ च्या उन्हाळ्यांत दूरनियंत्रित यंत्रांनी पावणेतीन हजारांहून अधिक लगडी वर काढल्या, एकंदर शंभर टनांच्या आसपास चांदी. विमा उतरवलेल्या चांदीपैकी जवळजवळ सगळी परत मिळाली. तंत्रज्ञान म्हणून हे काम असामान्य होते यात शंका नाही.

इथे संग्राहकाने एक साधे गणित करून पाहावे. एका लगडीचे वजन साधारण १,१०० ट्रॉय औंस, म्हणजे ३४ किलोच्या आसपास. या आवृत्तीची मर्यादा २०,००० नाण्यांची होती. पाव औंसाच्या तेवढ्या नाण्यांना ५,००० औंस चांदी लागते, म्हणजे पाच लगडींहूनही कमी. वर आलेल्या पावणेतीन हजार लगडींपैकी उरलेली चांदी शुद्ध होऊन इतर चांदीत मिसळून बाजारात गेली असणार; खासगी टांकसाळींनी याच नावाने काढलेल्या लगडीही अधूनमधून विक्रीला दिसतात. तेव्हा ‘गेरसप्पाची चांदी’ ही धातू म्हणून दुर्मीळ गोष्ट नाही. दुर्मीळ असलीच तर ती कडेवरची अक्षरे आहेत. विक्रेता जेव्हा चांदी ‘समुद्राच्या तळातून आलेली’ आहे म्हणून भाव चढवतो, तेव्हा हे लक्षात ठेवावे. वितळून शुद्ध केलेल्या चांदीत समुद्राचा काही अंश उरत नाही, आणि कडेवरचे नाव झाकले तर नुसत्या चांदीवरून तज्ज्ञालाही हे नाणे दुसऱ्यापासून वेगळे काढता येणार नाही.

या नाण्यामागे आणखी एक योगायोग आहे, जो मला विक्रीच्या कोणत्याही मजकुरापेक्षा बोलका वाटतो. १९४१ साली ही चांदी जिथे जाणार होती ती रॉयल मिंट तेव्हा लंडनमध्ये टॉवर हिलला होती. आज टांकसाळ वेल्समधील लँट्रिसंटला आहे. पण टॉवर हिलच्या त्या जुन्या इमारतीसमोरून थोडे चालत गेले की ट्रिनिटी चौकातल्या बागेत व्यापारी नौदलाचे स्मारक लागते. दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या, थडगे नसलेल्या छत्तीस हजारांच्या आसपास खलाशांची नावे तिथे कांस्यफलकांवर आहेत. फलकांवर नावे जहाजांप्रमाणे लावलेली आहेत, त्यामुळे एखादे जहाज शोधले की त्याची माणसे एकत्र भेटतात. टांकसाळीच्या दारात चांदी पोहोचली नाही, पण ती आणणाऱ्यांची नावे तिच्या शेजारी येऊन राहिली.

मात्र सगळ्यांची नाहीत. भारतात भरती झालेल्या खलाशांची गणना ‘इंडियन मर्चंट नेव्ही’ अशी स्वतंत्र होत असे आणि त्यांची नावे टॉवर हिलला नाहीत. ती एका नोंदवहीत आहेत. तिची एक प्रत बांगलादेशातल्या चितगावच्या युद्धस्मशानभूमीत आणि दुसरी मुंबईत, मशीद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये ठेवलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या भारतीय नौदलाच्या सुमारे चारशे आणि व्यापारी जहाजांवरच्या जवळजवळ सहा हजार माणसांची नावे या वह्यांत आहेत. एकाच होडीत, एकाच शिडाखाली तेरा दिवस काढलेली माणसे अशा रीतीने दोन खंडांतल्या दोन ठिकाणी विभागली गेली. या विभागणीचा दोष नाण्यावर टाकता येणार नाही. परंतु टांकसाळीने कडेवर जहाजाचे नाव कोरले, तेव्हा दोन्हीकडच्या माणसांना एकाच जागी आणण्याची संधी तिच्या हातात होती, आणि ती वापरली गेली नाही असे मला म्हणावेसे वाटते.

ही माणसे कोण होती हेही सांगायला हवे. ब्रिटिश जहाजांवरच्या भारतीय खलाशांना कागदोपत्री ‘लास्कर’ म्हणत. कोलकात्याच्या जहाजांवर डेकवरची माणसे बहुधा नोआखाली आणि चितगावकडची, तर इंजिनखोलीतली सिल्हेटची असत; मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर आपल्या रत्नागिरीकडचे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या जात आले. सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, मग साधे खलाशी आणि स्वयंपाकाला भंडारी, ही उतरंड दोन्हीकडे सारखीच. त्यांचा पगार त्याच जहाजावरच्या गोऱ्या खलाशाच्या पगाराचा लहानसा भाग होता आणि राहण्याची जागाही त्याच मानाने अपुरी. १९३९ साली युद्ध सुरू होताच ब्रिटनसह अनेक देशांच्या बंदरांत या खलाशांनी पगारवाढीसाठी संप केले. कित्येकांना तुरुंगात घातले गेले, तरी शेवटी वाढ द्यावी लागली. ‘गेरसप्पा’ निघाले ते या संपांनंतर वर्षभराने. एका लगडीची किंमत आणि ती ज्यांच्या पायाखालच्या खणात होती त्यांची वर्षाची कमाई यांची तुलना करायला मोठ्या आकडेमोडीची गरज नाही.

जहाज मुळात उपसावे का, असा आक्षेप काही जण घेतात आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. बुडालेली युद्धनौका ही कबर मानून तिला हात न लावण्याची तरतूद ब्रिटनच्या १९८६ च्या लष्करी अवशेष संरक्षण कायद्यात आहे. व्यापारी जहाजांना तो लागू व्हावा की नाही यावर बरीच वर्षे वाद होता. १९४३ साली ताफ्यातून जाताना बुडालेल्या ‘स्टोरा’ या मालवाहू जहाजाच्या प्रकरणात २००६ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने असे जहाजही ‘लष्करी सेवेत’ असू शकते असे मान्य केले, आणि पुढे त्या जहाजाला संरक्षण मिळाले. ‘गेरसप्पा’ला ते मिळाले नाही, उलट सरकारनेच ते उपसण्याचे कंत्राट दिले. माझे स्वतःचे मत असे आहे की वीस मिनिटांत बुडालेल्या या जहाजावरची बरीच माणसे पाण्यात आणि होड्यांत मेली, त्यामुळे चांदी काढण्याला माझा विरोध नाही. पण त्या विक्रीतून खलाशांच्या वारसांपर्यंत किंवा त्यांच्या स्मारकांपर्यंत काही पोहोचावे ही अट सरकारी कंत्राटात घालता आली असती आणि घालायला हवी होती.

याच जहाजातून चांदीच्या जोडीला आणखी एक गोष्ट वर आली, आणि तिच्याशी तुलना केली की नाण्याची मर्यादा अधिक स्पष्ट होते. टपालाच्या पिशव्यांच्या ढिगात, उजेड आणि प्राणवायू न पोहोचलेल्या जागी, सातशेहून अधिक पत्रे सत्तर वर्षे टिकून राहिली. भारतातल्या गोऱ्या शिपायांनी, चहामळेवाल्यांनी, मिशनऱ्यांनी १९४० च्या हिवाळ्यात घरी लिहिलेली. २०१८ साली लंडनच्या पोस्टल म्युझियमने त्यांचे प्रदर्शन भरवले. पत्रे वाचणाऱ्याला १९४० मधला हिंदुस्थान, त्या माणसांची घरची ओढ, त्यांचे प्रेमाचे नि रागाचे प्रसंग थेट भेटतात. चांदीला यातले काहीच जमत नाही. अर्थात तिथेही लिहिणारे बहुतेक गोरेच, आणि ती पत्रे वाहून नेणाऱ्या भारतीय खलाशांनी घरी काय लिहिले किंवा कोणाकडून लिहवून घेतले ते त्या पिशव्यांत नाही, कारण त्यांची पत्रे उलट दिशेने जात.

घ्यायचे असेल तर काय पाहावे हे शेवटी सांगतो. कडेच्या अक्षरांचे स्पष्ट छायाचित्र मागावे आणि ते न देणाऱ्याकडून घेऊ नये, कारण या आवृत्तीची खरी ओळख तीच अक्षरे आहेत. मूळ वेष्टन आणि प्रमाणपत्र बरोबर असेल तर पुढे विकताना त्रास कमी होतो. नसेल तर चांदीच्या दरापेक्षा फार जास्त पैसे देण्याचे कारण नाही. गुंतवणूक म्हणून याच पैशांत एक औंसाचे साधे नाणे अधिक चांदी देईल. ज्याला युद्धकाळातल्या व्यापारी नौकानयनाबद्दल आस्था आहे आणि एक खरीखुरी वस्तू हाताशी असावी असे वाटते त्याने हे जरूर घ्यावे. अशा ग्राहकासाठी मी पाचपैकी साडेतीन तारे देईन. स्मारक म्हणून देत असाल तर दोनच. नाण्याबरोबर एक कागद मात्र स्वतः तयार करून ठेवावा: राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर जहाजाचे नाव घालून शोध घेता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. हुद्दा, मृत्यूची तारीख, आणि काहींच्या बाबतीत वय, वडिलांचे नाव आणि गाव अशी माहिती मिळते. ‘गेरसप्पा’च्या खलाशांची ती यादी छापून घडी घातली तर नाण्याच्या मूळ डबीत सहज बसते.